धीर देणारी आणि धीर मागणारी वचनं: बायबलवाचनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी बायबलचा अभ्यासवर्ग भरतो. आठ-दहा माणसं, चहा, कधी कुणाच्या घरून आलेला चिवडा. वर्षं सरली, माणसं बदलली, पण प्रश्न फिरून तेच येतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा आले ते इथे लिहून ठेवले आहेत. मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही. उत्तरं एका साध्या वाचकाची आहेत, हे धरून वाचा.

बायबल नक्की कशासाठी वाचायचं? मनाला आधार मिळावा म्हणून, की आपलं वागणं सुधारावं म्हणून?

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागात, एक ग्रीक क्रियापद वारंवार येतं, पाराकालेओ. प्रेषित पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो, की देव आमचं सांत्वन करतो. तिथे हेच क्रियापद आहे. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात तो म्हणतो, मी तुम्हाला विनवतो, आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा, तिथेही हेच. सांत्वन करणं आणि कळकळीने सांगणं, दोन्हीला एकच शब्द.

मराठीत याच्या जवळ जाणारा शब्द म्हणजे ‘धीर’. आपण धीर देतो आणि ‘धीर धर’ असंही सांगतो. पहिल्यात हातात काही तरी पडतं, दुसऱ्यात काही तरी मागितलं जातं. माझ्या अनुभवात बायबलचा जो उतारा खरोखर आधार देतो, तो थोड्या वेळाने काही तरी मागतोच. नुसताच गोड लागणारा उतारा भेटला, तर मी आधी त्याच्या पुढची-मागची चार वचनं वाचून बघते.

स्तोत्र २३ इतक्या वेळा ऐकलंय की आता काहीच वाटत नाही. काय करू?

सावकाश वाचा आणि सर्वनामांकडे लक्ष द्या. सुरुवातीला सगळं ‘तो’ आहे: तो मला हिरव्यागार कुरणात बसवतो, तो मला नेतो. देवाबद्दल दुसऱ्या कुणाला तरी सांगणं चाललंय. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते आणि तिथे एकदम ‘तू’ येतो: ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस.’ कुरणात असताना देवाविषयी बोलणारा माणूस दरीत शिरल्यावर देवाशी बोलायला लागतो.

पुढे ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात’ असं आहे. पारनेरच्या माळावर मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगराला विचारा, काठी कशाला लागते. लांडग्यासाठी लागते, आणि वाट सोडून दुसऱ्याच्या शेतात घुसणाऱ्या मेंढरासाठीही लागते. आणि पाचव्या वचनातलं ताट कुठे वाढलं आहे, तेही बघा. वैऱ्यांच्या देखत. म्हणजे वैरी अजून तिथेच आहेत. ते निघून गेल्यावर जेवण होईल, असं स्तोत्र म्हणत नाही.

वॉचनाइटला मला वर्षाचं वचन म्हणून यिर्मया २९:११ आलं. म्हणजे यंदा माझं काम होणार ना?

हा प्रश्न दर जानेवारीत येतो, त्यामुळे थोडं सविस्तर सांगते. ३१ डिसेंबरच्या रात्री ताटलीतून चिठ्ठी उचलायची, त्यावरचं वचन वर्षभर जपायचं, ही चाल पुष्कळ मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, आहे. मला ती आवडते. माझ्या आईच्या बायबलमध्ये अशा पिवळ्या पडलेल्या कितीतरी चिठ्ठ्या होत्या.

पण हे वचन एका पत्रातलं आहे. यरुशलेमेतून बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना यिर्मया या संदेष्ट्याने ते पाठवलं. त्याच्या आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो, दोन वर्षांत सगळे घरी परत येतील. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया लिहितो, नाही, सत्तर वर्षं. ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’ हे अकरावं वचन त्या सत्तर वर्षांच्या दहाव्या वचनाला चिकटून आलं आहे. पत्र वाचणाऱ्या प्रौढ माणसांपैकी बहुतेकांना ते परतणं बघायला मिळणार नव्हतं.

मग त्यांनी करायचं काय? पाच ते सात ही वचनं वाचा. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ज्यांनी आपल्याला धरून नेलं त्यांच्या शहरासाठी!

तेव्हा तुमचं काम यंदा होईल का, हे या वचनावरून मला सांगता येणार नाही. पण तुम्ही सध्या जिथे अडकला आहात तिथेही देव आहे आणि तिथेही झाड लावायचं आहे, एवढं ते नक्की सांगतं. मला हे जास्त टिकाऊ वाटतं. पोटापाण्यासाठी दुबईला किंवा बंगळुरूला गेलेल्या आपल्या माणसांना हा उतारा वेगळाच लागू पडतो, असंही पाहिलंय.

कुणाच्या घरी मृत्यू झाला तर भेटायला गेल्यावर कोणतं वचन वाचावं?

पहिल्या दिवशी बहुतेक वेळा कोणतंच नाही. ईयोबाचे तीन मित्र आले, सात दिवस-सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत, असं दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी आहे. तोवर त्यांचं सगळं बरोबर चाललं होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं.

‘देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून कल्याण होतं’ हे रोम ८:२८ शवपेटी अंगणात असताना म्हणू नका. वचन खोटं आहे म्हणून नव्हे. ते पौलाने स्वतःची दुःखं मोजत लिहिलं. दुसऱ्याच्या दारात उभं राहून फेकलं की त्याचा दगड होतो. माझे वडील गेले तेव्हा एका भल्या माणसाने मला ते ऐकवलं होतं. पुढे कित्येक महिने तो अध्याय मी उघडला नाही.

वाचायचंच असेल तर योहान ११. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू आणखी दोन दिवस थांबतो, आणि पोहोचतो तेव्हा लाजराला कबरेत चार दिवस झालेले असतात. मार्था आणि मरीया, दोघी बहिणी वेगवेगळ्या भेटून एकच वाक्य म्हणतात: प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. शब्द तेच. मार्थेशी येशू पुनरुत्थानाविषयी बोलतो. मरीयेपुढे तो रडतो. एकाच तक्रारीला दोन उत्तरं, कारण माणसं दोन. भेटायला जाताना आपल्यासमोर मार्था आहे की मरीया, एवढं ओळखता आलं तरी पुरे. आणि भाकरी-भाजीचा डबा न्या. दफनविधी होऊन पाहुणे पांगल्यावर, चौथ्या-पाचव्या दिवशी, त्याची जास्त गरज असते.

देवाकडे तक्रार करणं पाप आहे का?

नाही. स्तोत्र १३ मध्ये दोन वचनांत चार वेळा ‘कोठवर’ विचारलं आहे. आणि स्तोत्र ८८ उघडून बघा. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. अंधारातच संपतं. ज्यांनी हा संग्रह केला त्यांनी त्याला गोड शेवट जोडला नाही, तसंच ठेवलं, आणि उपासनेत म्हणायला दिलं.

निराशा इतकी आहे की बायबल उघडवत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

१ राजे १९ मधला एलीया कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवून आलेला संदेष्टा. दुसऱ्याच दमात तो रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, माझा प्राण घे. देवदूत त्याला रागावत नाही, वचन ऐकवत नाही. भाकर आणि पाणी देतो. एलीया पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला घालतो आणि म्हणतो, वाट तुला झेपणारी नाही. प्रश्नोत्तरं त्यानंतर, चाळीस दिवस चालून गेल्यावर.

म्हणून आधी झोप, जेवण आणि डॉक्टर. गोळ्या घेणं हा अविश्वास नाही. मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आणि मराठीतही बोलते. प्रार्थना दुसऱ्याने तुमच्यासाठी केली तरी चालते. मार्क २ मध्ये पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं होतं, आणि येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं लिहिलंय.

‘सत्तर वेळा सात क्षमा कर.’ नवरा मारत असला तरी?

क्षमा करणं म्हणजे मार खात राहणं नव्हे. मत्तय १८ मध्ये हे वाक्य बाविसाव्या वचनात येतं. त्याआधी पंधरा ते सतरा या वचनांत अपराध करणाऱ्याचं काय करायचं तेही सांगितलं आहे: एकांतात सांग, ऐकलं नाही तर दोघा-तिघा साक्षीदारांना ने, तरीही नाही तर मंडळीपुढे मांड, आणि तिचंही ऐकलं नाही तर तो परका समज. त्याच अध्यायाच्या आरंभी लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची भाषा आहे. बायकांना बाविसावं वचन तेवढं ऐकवायचं आणि बाकीचा अध्याय मिटायचा, हे मी पाहिलेलं आहे, आणि त्याचा मला अजून राग येतो.

इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्यायही असाच अर्धा वाचला जातो. बावीसच्या आधी एकवीस आहे, एकमेकांच्या अधीन व्हा. नंतर पंचवीस आहे, पतींनो, ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी प्रीती करा. आणि त्याने तिच्यासाठी स्वतःचा जीव दिला, घेतला नाही. मारहाण होत असेल तर १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. ते वापरल्याने कोणतंही वचन मोडत नाही.

भावाशी जमिनीच्या वाटणीवरून केस चालू आहे. प्रभुभोजन घेऊ का?

प्रभुभोजन म्हणजे उपासनेत येशूच्या आठवणीत घेतलेली भाकर आणि द्राक्षरस. प्रश्न विचारलात यातच तुम्हाला काहीतरी टोचलंय. मत्तय ५:२३-२४ बघा. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे. तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. इथे ‘तुझ्या मनात भावाविरुद्ध’ असं नाही. ‘त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध’ असं आहे. म्हणजे मी मनातून सगळं काढून टाकलं, असं म्हणून सुटका नाही.

शिवाय हे ऐकणारे लोक गालीलातले आणि वेदी यरुशलेमेत. शंभराहून जास्त किलोमीटर, पायी तीन-चार दिवस. अर्पणाचं जनावर तिथे सोडून घरी परत जायचं, भावाला भेटायचं आणि पुन्हा यायचं! ऐकताना त्यांना हसूही आलं असेल.

दुसरीकडे लूक १२ मध्ये एक माणूस गर्दीतून ओरडून सांगतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतन वाटून दे. म्हणजे अगदी तुमचीच केस. येशू ती हातात घेत नाही. मला तुमचा न्यायाधीश कुणी केलं, असं विचारतो आणि लोभापासून सांभाळा म्हणतो. कोण बरोबर, तेही सांगत नाही. सातबारावर कुणाचं नाव लागावं याचं उत्तर बायबलमध्ये सापडणार नाही, त्यासाठी तलाठी आणि कोर्ट आहेत. पण या केसच्या नादात आपण भाऊ होतो हेच विसरायला झालंय का, हा प्रश्न तुमच्यापाशी उरतो. प्रभुभोजनाचं तुमच्या पाळकांशी बोला. मी तुमच्या जागी असते तर त्या रविवारच्या आधी भावाला एक फोन केला असता. केसबद्दल एक शब्द न काढता, त्याच्या गुडघ्याची चौकशी करायला.

‘उद्याची चिंता करू नका.’ हप्ते भरायचे असतात, मुलांची फी असते. कसं जमायचं?

तरतूद करू नका, असं तिथे म्हटलेलं नाही. मत्तय ६ मधली पाखरं घरट्यात बसून राहत नाहीत, दिवसभर दाणे शोधतात. त्याच अध्यायात आपण रोजची भाकर मागतो, महिन्याचा किराणा नव्हे. आणि प्रत्येक दिवसाला त्याचं दुःख पुरे, असा त्या उताऱ्याचा शेवट आहे. मला तो फार प्रामाणिक वाटतो. उद्या सगळं छान होईल, असं येशू म्हणतच नाही.

श्रीमंत तरुणाला ‘सगळं विकून गरिबांना दे’ म्हटलं. ते सगळ्यांना लागू आहे?

लूक १९ मधल्या जक्कयाने अर्धं दिलं आणि तेवढ्यावर त्याच्या घरी तारण आलं. त्यामुळे आकडा ठरलेला नाही. पण हे सांगितल्यावर आमच्या वर्गात सगळे सुटकेचा श्वास टाकतात, तेव्हा मी मुद्दाम विचारते, अर्धं तरी देणार आहोत का? मार्क १०:२१ मात्र विसरू नका: येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, मग ते कठीण वाक्य सांगितलं.

मंडळीतच जात पाळतात. मग या वचनांचा उपयोग काय?

खरं आहे, आणि लपवण्यात अर्थ नाही. नगर जिल्ह्यातल्या आपल्या मंडळ्यांमध्ये महार आणि मांग समाजांतून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, इतर जातींतूनही लोक आले. ‘यहूदी नाही की हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही की स्वतंत्र नाही’ हे गलती ३:२८ आपण पाठ म्हणतो आणि लग्न ठरवताना पूर्वीची जात हळूच विचारतो.

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय हेच दाखवतो. सभेत सोन्याची अंगठी घातलेला आला की त्याला चांगली जागा. मळक्या कपड्यातला आला की तू तिथे उभा राहा, नाहीतर माझ्या पायांशी बस. म्हणजे पहिल्या शतकातही मंडळीत हेच चाललं होतं आणि कुणीतरी त्यावर लेखी बोललं. मागच्या बाकावर बसवला गेलेला माणूस हा अध्याय वाचतो तेव्हा त्याला बळ मिळतं. पुढच्या बाकावरच्याला तो बोचतो. मजकूर एकच.

वचनामुळे आयुष्य खरंच बदललेली मराठी माणसं आहेत का?

दोन तर सगळ्यांना माहीत आहेत. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते पकडले गेले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्याची किंमत मात्र लक्ष्मीबाईंनाही मोजावी लागली. नवरा-बायको काही वर्षं दुरावले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा पुढे १९०० मध्ये, त्यांच्या स्वतःच्या वाटेने झाला. आपण टिळकांची गोष्ट सांगताना ही मधली वर्षं भरभर उरकतो.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. इंग्लंडमध्ये समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनी (नन) करत असलेलं काम त्यांनी पाहिलं आणि विचारलं, हे तुम्ही का करता? उत्तरादाखल त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरची शमरोनी स्त्री वाचून दाखवली गेली. रमाबाईंना तो उतारा नुसता आवडून थांबला नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य भारतातून अनाथ मुली आणि विधवा आणल्या, केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा भाषांतराचं काम त्यांच्या हातून पुरं झालेलं होतं.

मग कोणतं मराठी भाषांतर वाचावं?

मराठीत नवा करार १८११ मध्ये छापला गेला, विल्यम केरींच्या सेरामपूरच्या छापखान्यातून (बंगालमधलं श्रीरामपूर, आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे). तेव्हापासून भाषा बरीच बदलली. मंडळीत वाचलं जातं ते बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ भारदस्त आहे. ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो’ यातला नाद दुसरीकडे सापडत नाही. पण ‘भाराक्रांत’ म्हणजे काय, हे माझ्या भाच्याला विचारलं तर तो मोबाइल काढतो. त्याच्यासाठी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ बरं. दोन भाषांतरं शेजारी ठेवून वाचली तर जिथे ती वेगळी पडतात तिथे थांबायला होतं, आणि थांबणं चांगलं.

कॅथलिक मैत्रिणीच्या बायबलमध्ये जास्त पुस्तकं आहेत. वचनांचे आकडेही कधी जुळत नाहीत.

तिच्यात ७३, आपल्यात ६६. स्तोत्रांची ग्रीक मोजणी हिब्रूपेक्षा बराच भाग एकने मागे आहे, म्हणून जुन्या कॅथलिक पुस्तकांत ‘मेंढपाळ’ स्तोत्र २२ म्हणून सापडतं. आणि आकडे मुळात नव्हतेच. अध्याय तेराव्या शतकात स्टीफन लँग्टनने पाडले, नव्या करारातली वचनं १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या मुद्रकाने. पौलाला आपण ‘८:२८’ लिहितोय याची कल्पना नव्हती. तो पत्र लिहीत होता, आणि पत्र कुणी एका ओळीवर थांबून घडी घालत नाही.

रोज सकाळी व्हॉट्सॲपवर वचन पाठवते. चूक आहे का?

चूक नाही. गुलाबाच्या फुलावर छापलेलं फिलिप्पै ४:१३ मलाही रोज येतं: ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो.’ परीक्षेच्या दिवसांत तर दहा वेळा येतं. पौल मात्र ते कैदेत असताना लिहीत होता आणि आदल्याच वचनात पोटभर जेवणं व उपाशी राहणं, दोन्ही शिकलो म्हणतो. ‘सर्व काही’ मध्ये नापास होऊन उभं राहणंही आलं. ग्रुपवर टाकण्याऐवजी एका माणसाला, त्याचं नाव घालून, सोबत ‘कशी आहेस?’ लिहून पाठवून बघा. उत्तर येतं.

मी ख्रिस्ती नाही. वाचलं तर चालेल का? कुठून सुरुवात करू?

जरूर. उत्पत्तीपासून सुरू करू नका. लेवीयपर्यंत पोहोचेतो बहुतेकांचा दम संपतो. मार्काने लिहिलेल्या येशूच्या चरित्रापासून, म्हणजे मार्काच्या शुभवर्तमानापासून, करा. सोळाच अध्याय आहेत, एका बैठकीत दीड-दोन तासांत होतो. मोठ्याने वाचलात तर आणखी बरं, कारण तेव्हा तो असाच ऐकला जात होता. सोळाव्या अध्यायात आठव्या वचनाशी थांबा. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शुभवर्तमान तिथेच संपतं. बायका रिकाम्या कबरेपासून पळतात आणि भीतीने कुणाला काही सांगत नाहीत. पुढे काय झालं असेल, ते विचारायला गुरुवारी या. सात वाजता. चहा असतो.